लढाईविना सीमा आखणारा मुत्सद्दी : बॅरन रिओ ब्रांको





आपल्या वार्तापत्रात आपण नेहमी एका थोर व्यक्तीची ओळख करून घेतो. यंदा ज्यांच्याविषयी लिहिते आहे, ते आपल्या देशाचे नव्हेत, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव सहसा येत नाही. परंतु त्यांच्या देशात शाळेतले लहान मूलही त्यांना ओळखते. माझे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. तेव्हा कुठे हिंदीचा वास आला तर सांभाळून घ्यावे, ही विनंती.

त्यांची आठवण होण्याचे कारण आपल्याच विद्यालयात घडले. मागच्या सत्रात सहाव्या इयत्तेतली दोन मुले भांडत माझ्या खोलीत आली. दोघे एका बाकावर बसणारे. बाकाच्या मधोमध कर्कटकाने रेघ ओढलेली होती आणि एकाचे कोपर रोज त्या रेघेपलीकडे जात होते. त्यावरून ढकलाढकली झाली, वही फाटली, शर्टाचे बटण तुटले. मी दोघांच्या हाती पट्टी दिली आणि बाक मोजून यायला सांगितले. परत आले तेव्हा चेहरे पडलेले होते, कारण रेघ मध्यावर नव्हतीच. चार बोटे एका बाजूला सरकलेली होती. त्यापुढची गोष्ट मी लेखाच्या शेवटी सांगेन. पण त्या दिवशी माझ्या मनात आले, की या मुलांना ब्राझीलच्या रिओ ब्रांको यांची गोष्ट सांगायला हवी.

दहा शेजाऱ्यांचा देश

भिंतीवरचा दक्षिण अमेरिकेचा नकाशा पाहा. ब्राझीलच्या सीमेला उरुग्वे, अर्जेंटिना, पराग्वे, बोलिव्हिया, पेरू, कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम आणि फ्रेंच गयाना असे दहा प्रदेश लागून आहेत. सीमेची लांबी १६ हजार किलोमीटरहून अधिक. आपल्यापैकी ज्यांच्या घराला तीन बाजूंनी शेजारी आहेत, त्यांना तीन शेजाऱ्यांशी जमवून घेणे काय असते ते ठाऊक आहे. इथे तर दहा!

जे पोर्तुगीज १९६१ पर्यंत गोव्यात होते, त्यांचीच एके काळी ब्राझीलवर सत्ता होती. आजूबाजूचा बहुतेक मुलूख स्पेनच्या ताब्यात होता. १८२२ साली ब्राझील स्वतंत्र झाला, शेजारचे देशही त्याच सुमारास एकेक करून स्वतंत्र झाले. पण जुन्या मालकांनी सीमा नीट आखल्या नव्हत्या. करारात एखाद्या नदीचे नाव असे, पण ती नदी नेमकी कोणती यावर एकमत नसे. जंगलात कुणी मोजणी केलेली नसे. असे धुमसते वाद वारशाने मिळाले. अशाच वारशातून १८६४ ते १८७० या काळात पराग्वेबरोबर भयंकर युद्ध झाले. त्यात पराग्वे उद्ध्वस्त झाला आणि ब्राझीलनेही हजारो तरुण गमावले. त्या युद्धानंतर मात्र ब्राझीलने शेजाऱ्यांपैकी कुणाशीही युद्ध केलेले नाही. याचे बरेचसे श्रेय ज्या एका माणसाला दिले जाते, त्याचे हे चरित्र.

वडिलांच्या छायेत

होझे मारिया दा सिल्वा पारान्होस यांचा जन्म २० एप्रिल १८४५ रोजी रिओ दि जानेरो शहरात झाला. घरात त्यांना जुका म्हणत. वडिलांचे नावही तेच होते. वडील मोठे मुत्सद्दी. १८७१ ते १८७५ या काळात ते सम्राट दुसरे पेद्रो यांच्या सरकारचे प्रमुख होते. गुलाम स्त्रीच्या पोटी यापुढे जन्मणारे मूल गुलाम राहणार नाही, असा कायदा १८७१ साली त्यांच्याच कारकिर्दीत झाला. त्यांना व्हायकाउंट ऑफ रिओ ब्रांको ही पदवी होती. इंग्रज अमदानीत आपल्याकडे सर आणि रावबहादूर होत, तशातला प्रकार.

मोठ्या बापाच्या मुलाचे असते तेच जुकाचे झाले. साओ पाउलो आणि रेसीफे येथे कायद्याचे शिक्षण झाले, पण वकिलीत मन रमेना. काही काळ इतिहास-भूगोल शिकवला, काही काळ सरकारी वकील होते, संसदेतही गेले, वर्तमानपत्रात लिहिले. नाटके, मेजवान्या आणि मित्रमंडळी यांचाही शौक होता. हा मुलगा पुढे काही करील, असे फार थोड्यांना वाटत असेल.

दोन गोष्टी मात्र पक्क्या होत्या. एक म्हणजे इतिहासाची आणि जुन्या नकाशांची विलक्षण आवड. दुसरी, पराग्वेच्या युद्धानंतर ज्या वाटाघाटी झाल्या, त्यांत ते वडिलांचे सचिव म्हणून सोबत गेले होते. ऐन तरुण वयात त्यांनी युद्धाने पोळलेला मुलूख पाहिला आणि तह कसा लिहिला जातो तेही जवळून पाहिले. तहातला एकेक शब्द किती वजनाचा असतो, हे त्यांना तिथे उमगले असावे.

सव्वीस वर्षांचा गृहपाठ

१८७६ साली त्यांची नेमणूक इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदरात ब्राझीलचे वाणिज्यदूत म्हणून झाली. काम जहाजांची आणि मालाची कागदपत्रे पाहण्याचे. राजकारणात चमकण्याची इच्छा असणाऱ्याला असे पद म्हणजे अडगळच. तिथून पुढे सव्वीस वर्षे त्यांचा मुक्काम युरोपात राहिला.

या वर्षांत त्यांनी काय केले? लिव्हरपूल, लंडन, पॅरिस आणि इतर शहरांतली ग्रंथालये, दप्तरखाने धुंडाळले. जुने नकाशे, प्रवासवर्णने, मोहिमांच्या रोजनिशा, तहांच्या प्रती मिळवल्या, काही पदरमोड करून विकत घेतल्या, काहींच्या हाताने नकला केल्या. ब्राझीलच्या इतिहासातील दिवसवार घटनांची नोंद केली. कुणी सांगितले म्हणून नव्हे, परीक्षेसाठी नव्हे. १८८८ साली त्यांना बॅरन ऑफ रिओ ब्रांको ही पदवी मिळाली. पुढच्याच वर्षी राजेशाही जाऊन ब्राझील प्रजासत्ताक झाले आणि पदव्या रद्द झाल्या. ते मनाने राजेशाहीचे होते, तरी नव्या सरकारची सेवा त्यांनी निष्ठेने केली. सही मात्र अखेरपर्यंत रिओ ब्रांको अशीच केली, आणि लोकही त्यांना बॅरन असेच म्हणत राहिले.

विद्यार्थ्यांनो, या सव्वीस वर्षांकडे मी तुमचे लक्ष मुद्दाम वेधते. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी जे केले, त्याचे बी इथे पेरलेले होते.

दोन खटले

ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात पालमास नावाच्या प्रदेशाचा वाद होता. क्षेत्र सुमारे ३० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या जवळपास आठपट. १७५० साली स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या माद्रिदच्या तहात पेपिरी नावाच्या नदीवर सीमा ठरली होती. अर्जेंटिना म्हणे ती नदी पूर्वेकडची, ब्राझील म्हणे पश्चिमेकडची. १८९० साली प्रदेश अर्धा-अर्धा वाटून घेण्याचा करार झाला, पण ब्राझीलच्या संसदेने तो फेटाळला. मग अमेरिकेचे अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांना पंच नेमले. ब्राझीलची बाजू मांडणारे प्रतिनिधी १८९३ मध्ये वारले आणि ऐनवेळी ते काम रिओ ब्रांको यांच्याकडे आले.

त्यांनी १७४९ सालच्या, तहाच्या वेळी समोर असलेल्या नकाशाचा आधार घेतला. जुन्या मोहिमांनी ती नदी कुठे पाहिली, तिच्या मुखाशी काय खुणा लिहून ठेवल्या, हे सारे जुळवून दाखवले. ५ फेब्रुवारी १८९५ रोजी निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. लिव्हरपूलचा अडगळीतला अधिकारी एका दिवसात देशाचा लाडका झाला.

दुसरा खटला फ्रान्सशी होता. ब्राझील आणि फ्रेंच गयाना यांच्यामधला हा विस्तीर्ण प्रदेश, आजच्या आमापा राज्याचा भाग. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात उल्लेखलेली नदी म्हणजे ओयापोक नदीच, हे त्यांनी कागदोपत्री सिद्ध केले. स्वित्झर्लंडच्या सरकारने १ डिसेंबर १९०० रोजी ब्राझीलच्या बाजूने निकाल दिला.

दोन्ही विजय पंचांच्या निकालाने मिळाले. दुसरा एखादा यानंतर पंच हाच मार्ग धरून बसला असता. रिओ ब्रांको यांनी तसे केले नाही. पंच दूरदेशीचा असतो, निकालाला वर्षे लागतात, एक जिंकतो आणि दुसरा हरतो, आणि शेजारी तर कायमचा तिथेच राहायचा असतो. पुढे १९०४ साली ब्रिटिश गयानाच्या सीमेच्या वादात इटलीच्या राजाने निकाल दिला, तेव्हा मोठा वाटा ब्रिटिशांकडे गेला. त्यामुळे समोरासमोर बसून, दोघांनीच बोलून मार्ग काढावा, हे त्यांचे धोरण अधिकच पक्के झाले.

आक्रेची आग

१ डिसेंबर १९०२ रोजी ते मायदेशी परतले. रिओच्या रस्त्यांवर स्वागताला गर्दी उसळली होती. दोन दिवसांनी त्यांनी परराष्ट्रमंत्र्यांचा कारभार हाती घेतला. टेबलावर पहिलाच कागद होता आक्रेचा.

आक्रे म्हणजे अॅमेझॉनच्या खोऱ्यातला घनदाट अरण्याचा प्रदेश. १८६७ च्या तहानुसार तो बोलिव्हियाचा होता. पण तिथे रबराची झाडे होती आणि जगाला रबर हवे होते. ब्राझीलच्या ईशान्य भागात दुष्काळ पडले तशी तिथली हजारो माणसे पोटासाठी नदीमार्गे आक्रेत जाऊन राहिली. बोलिव्हियाची राजधानी अँडीज पर्वताच्या पलीकडे, तिथून आक्रेपर्यंत वाट नव्हती. कागदावर मालकी एकाची, जमिनीवर वस्ती दुसऱ्याची!

१८९९ मध्ये बोलिव्हियाने तिथे जकात नाका उभारला आणि रबर काढणारे बिथरले. १९०१ मध्ये बोलिव्हियाने तो मुलूख इंग्रज-अमेरिकन भांडवलाच्या एका कंपनीला चालवायला देण्याचा करार केला. कर वसूल करण्याचा आणि पोलीस ठेवण्याचा अधिकारही कंपनीला. कंपनी सरकार काय असते, हे आपल्या माळव्याला आणि साऱ्या हिंदुस्थानला वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १९०२ मध्ये प्लासिदो दि कास्त्रो या तरुणाच्या नेतृत्वाखाली ब्राझिलियन रबर कामगारांनी बंड केले. बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष पांदो स्वतः सैन्य घेऊन निघाले. ब्राझीलमधली वर्तमानपत्रे युद्धाची भाषा बोलू लागली.

रिओ ब्रांको यांनी काय केले, ते क्रमाने पाहू या.

आधी त्यांनी तिसऱ्याला बाजूला केले. त्या विदेशी कंपनीला १ लाख १० हजार पौंड देऊन तिच्याकडून हक्क सोडवून घेतला. भांडणात परका भागीदार राहिला तर दोन शेजाऱ्यांचे कधी जुळणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. मग वादग्रस्त भागात ब्राझीलचे सैन्य पाठवले. ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. शब्दांच्या पाठीशी बळही हवे, असे ते मानत. परंतु त्या सैन्याला लढाईत न उतरवता २१ मार्च १९०३ रोजी त्यांनी बोलिव्हियाशी तात्पुरता करार केला. जो जिथे आहे तिथे थांबावे आणि बोलणी करावी, असा त्याचा आशय. त्यानंतर कित्येक महिने दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकत्र बसले.

बोलिव्हियाला काय हवे आहे, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. चिलीबरोबरच्या युद्धात बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेलेला होता. चोहीकडून जमिनीने वेढलेल्या त्या देशाला समुद्रापर्यंत जायला वाट हवी होती. अॅमेझॉनच्या उपनद्यांनी अटलांटिक समुद्रापर्यंत जाता आले असते, पण मदेरा नदीत एकापाठोपाठ एक धबधबे, तिथे नाव चालत नाही. बोलिव्हियाची अडचण तिथे होती आणि तोडगाही तिथेच सापडला.

१७ नोव्हेंबर १९०३ रोजी पेत्रोपोलिस या गावी तह झाला. सुमारे १ लाख ९१ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशाच्या निम्म्याहून जास्त, ब्राझीलचा म्हणून मान्य झाला. बदल्यात ब्राझीलने बोलिव्हियाला २० लाख पौंड दिले, जे मुख्यतः रेल्वे आणि रस्ते यांवर खर्च व्हायचे होते. आपल्या बाजूचा सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर मुलूख दिला. धबधबे टाळून जाणारी मदेरा-मामोरे रेल्वे स्वतःच्या खर्चाने बांधून देण्याचे वचन दिले, आणि आपल्या नद्यांतून मालाची ने-आण करण्याची मोकळीक दिली.

घरच्यांचा रोष

आज वाचताना वाटते, ब्राझीलमध्ये दिवाळीच साजरी झाली असेल. तसे झाले नाही. त्यांच्यासोबत वाटाघाटींना बसलेले रुई बार्बोझा, देशातले नामांकित कायदेपंडित, यांनी ऑक्टोबरमध्येच राजीनामा दिला होता. ब्राझील फार देतो आहे, एवढे देण्यापेक्षा पंचाकडे जावे, असे त्यांचे मत होते. वर्तमानपत्रांतून टीका झाली. स्वतःची जमीन सोडणारा मंत्री, असा आरोप ज्याने दोन खटले जिंकून देशाला जमीन मिळवून दिली होती त्याच्यावरच झाला!

रिओ ब्रांको यांनी सरकारला सविस्तर निवेदन लिहून आपली बाजू मांडली. पंचाकडे गेलो तर १८६७ चा तह समोर येईल आणि तो बोलिव्हियाच्या बाजूने आहे. निकाल येईपर्यंत तिथली माणसे मरत राहतील. शेजाऱ्याला काहीच न देता केलेला तह टिकणार नाही, असा त्यांच्या विचारांचा रोख होता. अखेर संसदेने तह मंजूर केला.

शत्रूशी बोलायला धैर्य लागते. पण त्याहून अधिक धैर्य घरी परत येऊन, आपण काय दिले हे आपल्याच माणसांना सांगायला लागते. त्यांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो.

या तहाची उणी बाजूही सांगायला हवी. दोन्ही पक्ष सारख्या बळाचे नव्हते. बोलिव्हिया दुर्बळ होता आणि तिथल्या लोकांना हा तह सुखाने झालेला वाटला नाही. त्या अरण्यात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना तर कुणी विचारलेच नाही. कबूल केलेली रेल्वे १९०७ ते १९१२ या काळात बांधली गेली, पण मलेरियाने असंख्य मजूर दगावले. ३६६ किलोमीटरचा तो मार्ग पुरा झाला, तेव्हा आशियातील मळ्यांचे स्वस्त रबर बाजारात आले आणि ब्राझीलच्या रबराचा भाव पडला. १९७२ साली ती रेल्वे बंदही झाली. समोरासमोर बसून केलेला करार म्हणजे निर्दोष करार नव्हे. युद्ध झाले असते तर काय झाले असते, याच्या तुलनेतच त्याची किंमत कळते.

एकेक शेजारी

त्यानंतर त्यांनी एकेक सीमा हाती घेतली. १९०४ मध्ये इक्वेडोर, १९०५ मध्ये व्हेनेझुएला, १९०६ मध्ये सुरिनामसाठी नेदरलँड्स, १९०७ मध्ये कोलंबिया. प्रत्येकाशी वेगळी बोलणी, वेगळा कागद. सर्वांना एकदम बोलावून गोंधळ घातला नाही.

पेरूचा प्रश्न कठीण होता. पेरूचा दावा चार लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या प्रदेशावर होता आणि जंगलात चकमकीही झडल्या. १९०४ मध्ये त्यांनी पेरूशी तात्पुरता समझोता केला आणि एक फार शहाणपणाची गोष्ट ठरवली. दोन्ही देशांच्या मोजणीदारांनी मिळून वादग्रस्त नद्यांच्या उगमापर्यंत जावे आणि एकत्र नकाशा करावा. ब्राझीलच्या एका तुकडीचे प्रमुख होते प्रसिद्ध लेखक आणि अभियंते एउक्लिदिस दा कुन्हा. १९०५ मध्ये दोन्ही देशांची माणसे पुरुस नदीतून हालअपेष्टा सोसत वर गेली. ज्यांची सरकारे भांडत होती, त्यांनी एकच नदी मोजली. १९०९ मध्ये तह झाला. बहुतेक प्रदेश ब्राझीलकडे राहिला, काही पेरूला मिळाला.

अर्जेंटिनाशी सीमा ठरली होती, पण मने जुळली नव्हती. पालमासच्या खटल्यात समोर असलेले सेबायोस पुढे त्या देशाचे परराष्ट्रमंत्री झाले. दोन्ही देश युद्धनौकांच्या मागे लागले. रिओ ब्रांको यांचाही त्याला पाठिंबा होता. १९०८ मध्ये ब्राझीलची एक सांकेतिक तार सेबायोस यांच्या हाती लागली. ब्राझील अर्जेंटिनाविरुद्ध कट करतो आहे, असे दाखवणारा तिचा मजकूर पुढे आणला गेला. रिओ ब्रांको यांनी मूळ तार तर छापलीच, शिवाय ती उलगडण्याची गुप्त किल्लीही छापून टाकली, म्हणजे कुणीही ताडून पाहावे. मजकूर बनावट होता हे सिद्ध झाले. गुपित सांभाळण्यापेक्षा शेजाऱ्याचा संशय दूर करणे त्यांना मोलाचे वाटले.

आणि आता उरुग्वे. दोन्ही देशांच्या सीमेवर मिरिम नावाचे मोठे सरोवर आणि जाग्वारांव नदी आहे. १८५१ च्या तहाने त्या पाण्यात नौका चालवण्याचा हक्क एकट्या ब्राझीलला होता. काठावर राहणाऱ्या उरुग्वेच्या माणसाला समोरच्या पाण्यात होडी घालता येत नसे. कायदा ब्राझीलच्या बाजूने, बळही ब्राझीलचे. पण ३० ऑक्टोबर १९०९ रोजी रिओ ब्रांको यांनी तह करून उरुग्वेला त्या पाण्यात वाटा दिला, आणि बदल्यात जमीन किंवा पैसा काही मागितले नाही. उरुग्वेने त्या नदीकाठच्या आपल्या गावाला रिओ ब्रांको असे नाव दिले. शेजारी देशाच्या मंत्र्याचे नाव आपल्या सीमेवरच्या गावाला! यापेक्षा मोठा पुरस्कार कोणता?

नकाशांच्या ढिगाऱ्यात

चार राष्ट्राध्यक्ष आले-गेले, पण परराष्ट्रमंत्री तेच राहिले. राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी नाकारला. इतामाराती नावाच्या वाड्यात त्यांचे कार्यालय होते. रात्ररात्र काम, टेबलावर कागदांचे आणि नकाशांचे ढीग, आणि झोप आली की तिथेच पलंगावर अंग टाकायचे. पत्नी १८९८ मध्येच वारली होती. प्रकृतीची हेळसांड झाली ती झालीच. ते अनुकरण करू नये, असे मी पालकांच्या वतीने सांगते.

१० फेब्रुवारी १९१२ रोजी त्याच वाड्यात त्यांचे निधन झाले. कार्निव्हलचा, म्हणजे ब्राझीलच्या सर्वांत मोठ्या सणाचा तोंडावर आलेला काळ. सरकारने दुखवट्यासाठी सण एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. लोकांनी मात्र त्या वर्षी दोन्ही वेळा सण केला. आक्रेच्या राजधानीचे नाव आज रिओ ब्रांको आहे, ब्राझीलच्या ५० सेंतावोच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आहे आणि त्यांचा जन्मदिवस, २० एप्रिल, तिथे राजनैतिक अधिकाऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो.

आपल्यासाठी

आपल्या देशानेही असे करून दाखवले आहे. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर एकमेकांच्या मुलखात अडकलेली १६२ गावठाणे होती, त्यांना छिटमहल म्हणत. तिथल्या लोकांना धड शाळा नाही, दवाखाना नाही, देश नाही. १९७४ मध्ये दोन्ही देशांनी करार केला, पण तो पुरा व्हायला २०१५ साल उजाडले. त्यासाठी संसदेने शंभरावी घटनादुरुस्ती केली. ४१ वर्षे लागली, पण गोळी न चालवता नकाशा सरळ झाला. आपल्या काही सीमांचे प्रश्न अजून सुटायचे आहेत. उद्या तुमच्यापैकी कुणी त्या टेबलाशी बसेल, कुणी मोजणीसाठी डोंगरात जाईल. सीमेवर पहारा देणाऱ्या जवानांचे शौर्य तर आपण जाणतोच. त्या जवानाला आयुष्यभर गोळी झाडावी लागू नये, यासाठी रात्र जागवणाऱ्याचे कामही देशसेवाच आहे.

आता त्या बाकाची गोष्ट पुरी करते. रेघ चुकीची निघाली, म्हणून मी ती मध्यावर ओढून दिली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडण झाले असते. मी दोघांना समोरासमोर बसवले आणि एकमेकांना अडचण विचारायला सांगितले. तेव्हा कळले, की उजवीकडे बसणारा मुलगा डावखुरा आहे. लिहिताना त्याचे डावे कोपर आणि शेजाऱ्याचे उजवे कोपर मधोमध एकमेकांवर आदळत होते. दोघांनी जागा बदलल्या. इतकेच! रेघ अजून बाकावर आहे, पण तिच्याकडे आता कुणी पाहत नाही.

आधी मोजा. मग समोरच्याची गरज विचारा. आणि जे द्याल ते त्याची मान खाली न घालता द्या. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी जन्मलेल्या, सातासमुद्रापलीकडच्या या मुत्सद्द्याकडून आपण एवढे शिकलो, तरी पुष्कळ झाले. घरात भावाशी, गल्लीत शेजाऱ्याशी आणि मैदानात दुसऱ्या वर्गाशी वाद होईल, तेव्हा आठवण ठेवाल ना?

सर्वांना नव्या सत्राच्या मनःपूर्वक शुभेच्छा.

आपली,
प्राचार्या